बगळ्याचा बिल्ला

महिपतरावांना डोळे झाकून सायकल ओळखता येत असे. डोळे उघडून ओळखायचा प्रसंग त्यांनी कधी येऊ दिला नव्हता. चौऱ्याऐंशी सालच्या फाल्गुनातल्या त्या बुधवारीही ते फाटकातूनच ओरडले, "रॅले! आप्पा, शंभर टक्के रॅले!"

पडवीत आप्पा सायकल उलटी करून बसले होते. बंदर खात्यातून निवृत्त झाल्यापासून जुन्या विलायती सायकली मिळवायच्या, त्या कोणी घडवल्या ते शोधायचं आणि होत्या तशा पुन्हा करायच्या, हाच त्यांचा उद्योग. ही राजापुरातल्या एका व्यापाऱ्याच्या माळ्यावर सापडली होती. शर्यतीच्या बांध्याची, एका हाताने उचलावी इतकी हलकी. पण कोणा महाभागाने तिला दुकानाच्या फळ्यांना देतात तो हिरवा रंग फासला होता. आप्पा रॉकेलच्या बोळ्याने तो नखाएवढा नखाएवढा सोडवत होते.

"रॅले कशावरून?" त्यांनी विचारलं.

"विलायती म्हणजे रॅलेच. आणखी काय असतं?" नात्याने धाकटे चुलतभाऊ असलेले महिपतराव घरच्या हक्काने खुर्चीत बसले. "सगुणा, चहा टाक गो."

आप्पांची मुलगी सगुणा कॉलेजात इतिहास शिकवायची. पुरावा म्हणजे काय हे ती वर्गात सांगायची आणि घरी आल्यावर पडवीत बघायची. पुढच्या चाकाच्या चिमट्यावर, हँडलखाली जी उभी नळी असते, जिथे कारखान्याचा बिल्ला ठोकतात, तिथे भोकंच नव्हती. म्हणजे हिला बिल्ला कधी नव्हताच. नाव सोनेरी छापाचं असणार. जोडांच्या कडा हाताने घासलेल्या, खाली ठोकलेला नंबर जेमतेम तीन आकडी. म्हणजे मोठा कारखाना नव्हे, एखाद्या कारागिराचं छोटं दुकान. आणि त्या दुपारी त्याच नळीवरच्या हिरव्या रंगाखालून एका सोनेरी अक्षराचा बाक वर आला होता. एसचा असेल, नाहीतर बीचा. आप्पा सांगायला तयार नव्हते.

"आरचा आहे," महिपतराव म्हणाले. "डोळे झाकून सांगतो."

"मग झाकूनच ठेव, महिपत."

महिपतराव खो खो हसले. टोमणा आपल्याला आहे हे त्यांना कधी कळत नसे. त्यामुळेच त्यांची प्रकृती उत्तम होती.

ते गेल्यावर आप्पा म्हणाले, "बाय, हिला नाव होतं. कोणीतरी खरवडून वर रंग फासला. मिळालं तर मिळालं. नाही तर राहील बिननावाची. पण उसनं नाव नको."

"काकांना एकदा तोंडावर सांगा ना."

"असू दे गो. बिचारा आहे तो."

सगुणाला ते 'बिचारा' पटलं नाही. पण जन्मभर ती 'हो काका'च म्हणत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीचं पाणी तापत होतं आणि आप्पा आरामखुर्चीतच गेले.

दुःखाच्या घरात महिपतरावांना बहर आला. पहिल्या दिवशी ते आप्पांचे नुसते चुलतभाऊ होते. तिसऱ्या दिवसापर्यंत आप्पांना सायकलींचा नाद त्यांनीच लावला होता. दहाव्यापर्यंत तर आप्पा जे काही ओळखत ते यांना विचारूनच, असं ठरून गेलं. समोर माना डोलावणारी माणसं तीच, ज्यांनी आप्पांना हयातभर भंगारवाला म्हटलं होतं. सगुणा त्यांना पाणी देत होती. ती चारचौघांत रडली नाही. त्याचीही चर्चा झाली.

तेराव्याची पंगत उठली आणि महिपतरावांनी कोणाला न विचारता सायकल अंगणात आणली. क्रीडा मंडळाच्या हॉलात काचेचं कपाट, आत सायकल, वर आप्पांचा फोटो, जिल्हाधिकाऱ्यांच्या हस्ते हार; सगळं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. खिशातून त्यांनी बगळ्याचं चित्र असलेला रॅलेचा बिल्ला काढला. भिकाजी दूधवाल्याच्या मोडक्या काळ्या सायकलवरून उचकटलेला. ती सायकल विलायतेची नव्हतीच, रॅलेच्या आसनसोलच्या कारखान्यातली देशी होती. पिशवीतून मग गिरमीट निघालं.

"लोकांना बगळा दिसला पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर कोण विचारतो?"

बिल्ला त्यांनी नळीवर धरला. आप्पांनी सोडवलेला सोनेरी बाक बरोबर त्याच्याखाली गेला. दोन भोकं पडली की ही नळी पुन्हा कधी खरं बोलणार नव्हती. पुढे कोणी बघेल तो भोकं बघेल आणि म्हणेल, बिल्ला होता तर.

"काका, राहू द्या," सगुणा म्हणाली.

"अगो, त्याच्यासाठीच करतोय. माझ्याकडे बिल्ला आहे हे त्याला माहीत असतं, तर त्यानेच मागून घेतला असता. ये, नळी धर जरा."

पडवीतून कमळाआत्या म्हणाल्या, "धर गो. मोठा माणूस, कौतुकाने करतोय. आजच्या दिवशी वाद नको."

सगुणा पुढे झाली. तिने नळी धरली, पण तळवा बरोबर त्या अक्षरावर ठेवून.

"तिथे नको. हात काढ, लागेल."

तिने काढला नाही. गिरमिटाचं टोक तिच्या बोटांपाशी येऊन थांबलं. पडवीत सुपारी कातरणारे अडकित्ते थांबले. तिचा आवाज चढला नाही; वर्गात हजेरी घेताना असतो तेवढाच होता.

"महिपतकाका, तुम्हाला सायकल कळत नाही. कधीच कळली नाही. माझ्या बापाला कळायची. फार मोठा माणूस होता तो, आणि इथे जेवून उठलेल्या एकालाही ते दिसलं नाही. गिरमीट पिशवीत घाला."