शेवटच्या रिळातला चेहरा

मी एका जुन्या कोरियन सिनेमाची फीत आहे, मित्रांनो. खरं तर तिचा हातभर उरलेला तुकडा. सोलच्या एका स्टुडिओत माझा जन्म झाला. माझ्यात राजवाडा होता, एकामागून एक मरणारे दरबारी होते, तलवारी होत्या आणि विहिरीतून वर येणारं पांढरं भूत होतं. शेवटच्या रिळात नायक त्या भुताचा मुखवटा ओढून काढी. आत निघे जिवंत माणूस, खुनी.

त्या खुन्याचं काम मानसोकनं केलं होतं. छपरांवरून उड्या मारणारा, नायकाच्या वतीनं मार खाणारा गडी. एरवी त्याची फक्त पाठ दिसायची. चेहरा दिसला तो माझ्यातच, तोही क्षणभर. त्याच हिवाळ्यात दुसऱ्या सिनेमात घोड्यावरून पडून तो गेला. त्याचा एकुलता एक फोटो, लग्नातला, युद्धात घराबरोबर जळाला होता.

मी गावोगाव तंबूत फिरू लागले. भूत आलं की लोक ओरडत, "अरे मुडद्या, मागे बघ!" मला फार अभिमान वाटे. त्या गर्दीत मानसोकची बायको ओकबुन तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून यायची. मुखवटा निघाला की ती मान वळवून म्हणायची, "मिसुन, बघ, तुझे बाबा." मिसुन झोपलेली असायची.

"काय वहिनी, खुनी नवरा केलात?" मागून एकानं टोमणा मारला.

"केला होता. तुमच्यासारखा बसून खाणारा नव्हता."

सगळा तंबू हसला. ती हसली नाही, पडद्याकडेच बघत राहिली.

वर्षं गेली. माझ्यावर ओरखडे उठले, जोड सुटू लागले. एका वसंतात ती तंबूच्या मालकाकडे आली.

"मालक, शेवटचा तुकडा तरी कापून द्या. पोरीनं बापाचं तोंड पाहिलेलं नाही."

"अगं, आधी बोलायचंस की! कालच टोपीवाल्याला दिला सगळा पिक्चर. गवताच्या टोपीच्या काठाला फितीची पट्टी लागते ना. पिक्चर म्हातारा झाला होता. भूत कुठलं नि माणूस कुठला, कळेना."

ती धावत बाजारात गेली. एकेक टोपी उन्हाकडे धरून बघू लागली. टोपीवाला वैतागला, "बाई, टोपी घ्यायचीय की पिक्चर बघायचाय?" तिला विहीर सापडली, छप्पर सापडलं, नायकाचं नाक सापडलं. मी जिला लागले होते ती टोपी मात्र सकाळीच एक शेतकरी घेऊन गेला होता.

पुढे दिसेल त्या टोपीपाशी ती थांबायची. दोन उन्हाळ्यांनंतर भातलावणीला आली, तेव्हा बांधावर तिनं मला हेरलं. शेतकऱ्यानं टोपी काढून दिली. तिनं मला उन्हासमोर धरलं. एका टोकाला मुखवटा ओढणारा हात अजून होता. पुढच्या चौकटी घामानं आणि पावसानं धुऊन गेल्या होत्या. पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"आई, बाबा कुठायत?" मिसुननं टाचा उंचावून विचारलं.

ओकबुननं बोट ठेवलं. "इथे होते."

मिसुन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "काहीच नाहीये गं."

ओकबुननं टोपी परत केली आणि ती चिखलात उतरली. पुन्हा तिनं कुणाच्या टोपीकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, जुनं झालं म्हणून काही मोडीत काढाल, तेव्हा आधी एकदा उजेडासमोर धरा. आत कुणी असेल, तर त्याच्या माणसांना हाक मारा. मला हाक मारता आली नाही.