पदवीला चार फेऱ्या कमी

लायल प्रेंटिसला पोहता येत नव्हतं. झालं, एवढंच. जगात कितीतरी लोकांना येत नाही आणि त्यांचं काही अडत नाही. पण लायल ज्या कॉलेजात होता तिथं पदवी हवी तर गणिताचा एक विषय, प्रयोगशाळेतलं एक शास्त्र, एक परकी भाषा, शेवटच्या वर्षाचा प्रबंध आणि तलावात चार फेऱ्या असा हिशेब होता. फेऱ्या न थांबता मारायच्या आणि तळाला पाय टेकवायचा नाही. ज्यांना येत नाही त्यांनी नवशिक्यांच्या वर्गात नाव घालावं, सहा महिने हजर राहावं, मग पोहणं जमो न जमो, कोच सही करून टाकायची. याहून सोपं काय असतं?

पण सोप्या गोष्टी साध्या माणसांसाठी. लायल साधा नव्हता. परकी भाषा म्हणून त्यानं लॅटिन घेतलं, कारण समोरच्याला येत नाही याची खात्री. वर्गात प्राध्यापकांच्या चुका काढायचा, त्याही हसत हसत, म्हणजे प्राध्यापकानंच आभार मानावेत. आई-वडिलांचा एकुलता एक, गावातल्या शाळेत कायम पहिला. 'मला येत नाही' हे वाक्य त्याच्या तोंडातून कधी बाहेरच पडलं नव्हतं. पडायची वेळ आली की तो ती गोष्टच कशी फालतू आहे हे सिद्ध करून दाखवायचा.

पहिल्याच आठवड्यात सगळ्या नव्या पोरांना तलावावर नेलं. काठावर कोच उभी. बर्निस टली तिचं नाव. पन्नाशी उलटलेली, आडव्या बांध्याची, गळ्यात शिट्टी. लायलनं खोल बाजूचं हिरवट पाणी पाहिलं आणि पोट दुखतंय असं सांगून तो मागच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्याच खोलीत राहणारा गस ब्रँडव्हॉल्ड डाकोटाकडच्या माळरानावरून आलेला. आंघोळीपलीकडे पाणी न पाहिलेला तो गडी सरळ पुढे झाला आणि म्हणाला, "मला येत नाही बुवा." कोच म्हणाली, "बरं, उथळ बाजूला जा." संपलं. ना आकाश कोसळलं, ना कुणी हसलं.

हसला तो लायल, रात्री खोलीत. फोमची फळी पोटाशी धरून पाय झाडणारा हा सहा फुटी बाप्या त्याला फारच विनोदी वाटला. त्यानं त्याला 'बदक' म्हणायला सुरुवात केली. बदक थंडीपर्यंत तरंगायला लागलं, वसंतात चार फेऱ्या मारून मोकळंही झालं. लायल हसतच राहिला.

वर्षं जात होती आणि फेऱ्या कधी मारणार, असं लोक विचारायला लागले होते. तेव्हा लायलला तत्त्व सापडलं. अशा माणसांना ते वेळेवर सापडतंच. कॉलेजच्या साप्ताहिकात त्यानं लेख ठोकला की पोहणं म्हणजे शिक्षण नव्हे, मेंदूची परीक्षा हातापायांनी घेणं हा रानटीपणा आहे, आणि कोण सुशिक्षित हे एका शिट्टीवाल्या बाईनं ठरवायचं की काय? लेख गाजला. मग सह्यांची मोहीम निघाली. जिने चढताना धापा टाकणाऱ्या प्राध्यापकांनी सगळ्यात आधी सह्या केल्या. कॉलेजच्या प्रेसिडेंटसाहेबांना तर हे हवंच होतं. तो तलाव बुजवून तिथं गालिचे घातलेलं ध्यानकेंद्र काढायचं त्यांच्या डोक्यात होतं, फक्त विद्यार्थ्यांची मागणी म्हणून कुणी ते मागत नव्हतं. आता मागायला हा दीडशहाणा आयताच मिळाला.

या सगळ्यात लायलनं चांगलं स्थळ पटकावल्यासारखी आणखी एक गोष्ट मिळवली होती. नावाजलेल्या लॉ स्कूलमध्ये त्याला प्रवेश मिळाला होता. अट एकच, ऑगस्टच्या आत पदवी हातात हवी.

शेवटच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये प्राध्यापकांच्या सभेनं फेऱ्यांचा नियम रद्द केला. पोरांनी निळ्या आयसिंगचा केक आणला, त्यावर प्लास्टिकचं बदक ठेवलं. लायलला खांद्यावर घेऊन नाचवलं. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या रात्री तो गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी तो ऐटीत रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेला. खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर सरकवला आणि त्याला समजावून सांगितलं की नियम रद्द झालाय तो येत्या सप्टेंबरपासून येणाऱ्यांसाठी. ज्या वर्षी कॉलेजात आलात त्या वर्षीचे नियम तुम्हाला शेवटपर्यंत लागू. हे पहिल्या पानावर छापलेलं असतं, आणि पहिलं पान कुणीच वाचत नाही, हे त्या जरा खुशीतच म्हणाल्या. म्हणजे पोहणं त्याला सुटलेलं नव्हतं. सुटला होता तो नवशिक्यांचा वर्ग, कारण नियमच नाही तर वर्ग कशाला? तो बंद. आणि वर्ग नाही तर कोच कशाला? तीही बंद. पदवीदानाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती किल्ल्या देऊन बहिणीकडे राहायला जाणार होती. मग उरलेल्यांचं काय, असं लायलनं विचारलं. त्यासाठी समिती नेमू, असं उत्तर मिळालं.

उरलेला तो एकटाच होता. साऱ्या कॉलेजची सुटका करून हा पठ्ठ्या स्वतः आत अडकला होता.

मग फेऱ्यांतून सूट देणारा दाखला मिळतो का बघायला तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टर भला माणूस. हृदय तपासलं, छाती तपासली, सगळं घोड्यासारखं धडधाकट. पाण्याची भीती वाटते का, असं त्यानं सहज विचारलं आणि लिहून द्यायला पेनही उघडलं. "भीती? छे," लायल म्हणाला. डॉक्टरनं पेन मिटलं. आता या माणसाला काय म्हणावं?

कोच जायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, तो तलावावर गेला. कोच फोमच्या फळ्या गाडीत भरत होती, गावातल्या शाळेला द्यायला. लेखातली 'शिट्टीवाली बाई' तिनं वाचली होती. सगळ्या कॉलेजनं वाचली होती. लायलनं प्रस्तावना केली, बरीच लांब. संस्थांचं जडत्व वगैरे आलं त्यात. शेवटी गाडी मुद्द्यावर आली.

"तुम्ही तर उद्या चाललातच. एक सही केलीत तर तुमचं काय जाणार आहे?"

कोचनं हातातली फळी खाली ठेवली.

"तुला पोहता येतं का?"

"प्रश्न येण्या-न येण्याचा नाहीये कोच, प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाचं तू लिहिलंस, मी वाचलं. मी विचारतेय ते वेगळं आहे. येतं का?"

लायल पाण्याकडे बघत राहिला. छताच्या काचांतून ऊन पडलं होतं आणि तळाच्या फरशा स्वच्छ दिसत होत्या. उथळ बाजूला पाणी त्याच्या छातीपर्यंतसुद्धा आलं नसतं.

"हे बघ पोरा," ती म्हणाली, "वर्ग कधी घ्यायचा ते अजून मी ठरवते. आज घेते, उद्या दिवसभर घेते. तू नुसता पाण्यात उभा राहिलास तरी हजेरी धरीन आणि सही करीन. पण आधी तोंडानं सांग, येत नाही म्हणून. येतं म्हणणाऱ्याला मी खोल बाजूला सोडते, न येणाऱ्याला उथळ. न सांगणाऱ्याचं मी काय करू?"

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्याला सहन होईना. रागावली असती तर त्याला उत्तर होतं. ती वाट बघत होती. तीन शब्द. गसनं अठराव्या वर्षी, अर्ध्या कपड्यांत, दीडशे पोरांसमोर उच्चारलेले.  लायल म्हणाला की या चौकटीत चर्चा करण्यात त्याला अर्थ वाटत नाही.

"बरं," कोच म्हणाली आणि तिनं फळी परत उचलली.

शनिवारी ती थांबली होती म्हणे, अंधार पडेपर्यंत. गसनं सांगितलं त्याला. तो गेला होता तिचं सामान उचलू लागायला. लायल खोलीत भाषण लिहीत बसला होता, कारण पदवीदानाला साऱ्या पदवीधरांतर्फे बोलायचा मान त्याचाच होता. कार्यक्रमपत्रिका छापून झालेली, प्रेसिडेंटना गडबड नको होती, म्हणून त्याला पदवीचं नुसतं कातडी पुठ्ठ्याचं आवरण द्यायचं ठरलं. आत काही नाही.

आणि रविवारी या महाशयांनी काय करावं? व्यासपीठावरून जाहीर केलं की मी चार फेऱ्या मारलेल्या नाहीत, मारणारही नाही, हे आवरण रिकामं आहे आणि मला ते रिकामंच प्रिय आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात प्रेसिडेंट वाजवत होते, त्यांचे गालिचे ठरले होते. लायलच्या वडिलांना थोडा वेळ काही समजेना, मग शेजारचे उभे राहिले म्हणून तेही उभे राहिले. लॉ स्कूलला आता काय कळवायचं हे कुणीच विचारलं नाही. लायलनं स्वतःलाही विचारलं नाही.

दुपारी वडिलांनी सरोवरावर होडी ठरवली होती. पलीकडच्या काठावर जेवण, भाजलेला मासा आणि स्ट्रॉबेरीचा केक. आई आधीच होडीत बसली होती, एका हातानं टोपी धरून. वडील वल्ही लावत होते. लायल लाकडी धक्क्यावर उभा होता, काखेत रिकामं आवरण. फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी हलताना दिसत होतं.

"ये ना रे," आई म्हणाली. "अरे, थिजलायस काय असा?"

त्यानं तत्त्व शोधलं. होडीविरुद्ध काही सापडेना.

"आई, मला पोहता येत नाही," तो म्हणाला.

बोलून गेला, आणि काहीही झालं नाही. वडिलांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा वल्ह्याची दोरी बांधायला घेतली.

"मग?" आई म्हणाली. "नाही येत तर नाही येत. त्यात काय एवढं? चार वर्षं होतास इथं, शिकवणारं कुणी नव्हतं का?"