दोन तोट्यांमधली पट्टी

"बंद करण्याआधी दोन मिनिटं पेट्रोलवर आण, आर्डिस. आज रॉकेलवर बंद केलास, तर उद्या सकाळी तो तुझ्याकडे ढुंकूनही बघणार नाही."

हाल्वोर काकांचा आवाज. पन्नास वर्षांनी तो आर्डिसच्या कानात उमटला, तेव्हा ती कारखान्याच्या चाचणीखोलीत बसली होती आणि तिच्यापुढे एकशेचाळीस पानांची चळत होती. तिने पान उलटायला उचललेलं बोट तसंच थांबलं.

पानावर एका जुन्या ट्रॅक्टरची आकृती होती. वर लहान टाकी पेट्रोलची, मोठी रॉकेलची, खाली दोन तोट्या. पेट्रोलवर चालू करायचा, इंजिन तापलं की रॉकेलवर न्यायचा, आणि थांबवताना पुन्हा पेट्रोलवर आणायचा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल उरत नाही. हे तिला वाचावं लागलं नाही. ती नऊ वर्षांची असताना काकांनी तिला ट्रॅक्टरच्या सीटवर बसवून हे शिकवलं होतं.

ती चळत कारखान्याच्या पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी पाठवली होती. कारखाना पेट्रोल आणि गॅस अशा दोन्ही इंधनांवर चालणारे जनरेटर बनवायचा. दोन्ही इंधनं एकाच वेळी इंजिनात गेली की ते गुदमरून बंद पडायचं. त्यावर उपाय म्हणून आर्डिसने एक साधी सरकती पट्टी शोधून काढली होती. पेट्रोलची तोटी उघडली की पट्टी सरकून गॅसच्या नळीचं तोंड झाकते. नळी जोडलेली असली की तोटी फिरतच नाही. तिचं पेटंट घ्यायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी याआधी कुणी असलं काही केलं होतं का, ते धुंडाळून वकीलबाईंनी शंभर वर्षांतले शोध एकत्र केले होते. कुणाचा फिरता खटका, कुणाची तीन तोंडांची तोटी, कुणाची दोरी आणि कप्पी. प्रत्येकाखाली नाव, गाव, तारीख. ही सगळी माणसं आपापल्या शेडमध्ये कधीतरी अशीच दमून बसली असतील, असं वाचताना तिच्या मनात येत होतं.

"आपल्या आधी माणसांना दुसरे उद्योगच नव्हते का हो?" ट्रेव्हर शिमचॅक दारातून म्हणाला. तो विभागाचा इंजिनिअर, तिच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. "वाचून झालं? उद्या सह्या. आणि ऐका, नाव तुमचं पहिलं. माझं दुसरं. वरच्यांना उलटं हवं होतं, मी भांडलो."

"थँक्यू रे," आर्डिस म्हणाली. तिने कॉफीचा घोट घेतला. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांसाठी तिने साखर सोडली होती. कॉफी गारही झाली होती.

सव्वीस वर्षं ती या खोलीत इंजिनं चालवून, बंद पाडून, पुन्हा चालवून बघत होती. तिने सुचवलेल्या सुधारणा 'चाचणी विभागाची सूचना' म्हणून पुढे जायच्या आणि दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर छापून यायच्या. तिने कधी तक्रार केली नव्हती. पण या पट्टीने तिला आनंद झाला होता, अगदी लहान मुलीसारखा. गेल्या हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या टेबलावर, पाकिटाच्या मागच्या बाजूला, एका झटक्यात तिच्या हाताने ती काढली होती. पट्टीची ती अर्धगोल खाचसुद्धा.

आता तिला कळलं, हाताला आठवत होतं. डोक्याला तेवढं नव्हतं.

काकांच्या ट्रॅक्टरवर तशीच पट्टी होती. सोल्वेग काकूने एकदा गवत कापणीच्या दिवसांत दोन्ही तोट्या उघड्या ठेवल्या, रात्रभरात पेट्रोल आणि रॉकेल एकमेकांत मिसळलं, आणि सकाळी ट्रॅक्टर काही केल्या चालू होईना. काकांनी गाडीची जुनी नंबरप्लेट कापली, तिला खाच पाडली आणि दोन तोट्यांमध्ये अशी बसवली की एक उघडी असताना दुसरी उघडताच येऊ नये.

त्या रात्री आर्डिसने नेहमीप्रमाणे प्रार्थना म्हटली, पण आमेन म्हणायला तिला बराच वेळ लागला.

सकाळी सह्यांचा कागद आला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की या शोधाच्या संदर्भात सही करणाऱ्याला जे जे आधीचं ठाऊक असेल, ते त्याने सांगायला हवं.

"ट्रेव्हर, दार लाव जरा," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं.

तो खुर्चीत मागे रेलला. "तुमच्या काकांनी पेटंट घेतलं होतं?"

"काकांनी मरेपर्यंत चष्म्याचा नंबर काढून घेतला नाही. पेटंट कुठलं!"

"कुठे छापून आलं होतं?"

"नाही."

"मग झालं तर! वकीलबाईंना ते सात जन्मांत सापडणार नाही."

"दर ऑगस्टला जुन्या ट्रॅक्टरांच्या मेळ्यात ते ट्रॅक्टर उघड्यावर ठेवायचे. जो विचारेल त्याला पट्टी कापून द्यायचे. फुकट. निम्म्या तालुक्याने पाहिलीय ती."

"तो निम्मा तालुका आता कबरस्तानात आहे, आर्डिस. ट्रॅक्टर कोठारात. कोंबड्या सोडल्या तर कुणाला माहीत आहे?"

"मला माहीत आहे."

ट्रेव्हरने कपाळ चोळलं. "नाव जाईल तुमचं. कदाचित अख्खं पेटंटच जाईल. एवढी वर्षं थांबलात आणि आता..."

"कळतंय रे. म्हणून तर रात्रभर झोप नाही. तू भांडलास माझ्यासाठी, त्याचं जास्त वाईट वाटतंय."

"तुम्ही ना," तो उठत म्हणाला, "चर्चमधल्या सूपसारख्या आहात. तब्येतीला चांगल्या, पण घशाखाली उतरत नाही." दारापाशी तो वळला. "वकीलबाईंना मी फोन करतो. त्या फोटो मागतील. आणि साल मागतील."

साल. तेच तर तिच्याकडे नव्हतं. आणि फोटो काढायला काकूकडे जायचं म्हणजे आणखी एक गोष्ट आली, जिच्याकडे ती नऊ वर्षं पाठ फिरवून बसली होती. काका अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी तिचा हात धरून सांगितलं होतं, "वर्षातून एकदा, बर्फ वितळलं की, तो चालू कर. सोल्वेगला हँडल फिरवता येत नाही. आणि बंद करताना?" "पेट्रोलवर," ती म्हणाली होती, आणि तिने होकाराची मान हलवली होती. दोन वसंत ती गेली. मग नवऱ्याचं आजारपण, मग तो गेला, मग गुडघे. मग नुसतीच लाज.

दुपारी तिने फोन केला.

"कोण? आर्डिस?" काकूचा आवाज अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही खणखणीत होता. "कोण वारलं?"

"कुणी नाही, काकू. शनिवारी येऊ का? ट्रॅक्टर चालू करायला."

पलीकडे काकूने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला वाटलं, हाल्वोरपुढे मान हलवलीस ती नुसतीच."

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं, काकू." मग आर्डिसने पट्टीचं सांगितलं, कागदाचं सांगितलं, साल लागेल म्हणून सांगितलं.

"अगं वेडे, साल त्या पट्टीवरच आहे की! नंबरप्लेट ना ती? तेव्हा दरवर्षी नवी प्लेट यायची, वर साल छापलेलं. अठ्ठावन्न. त्याच वर्षी मी तो घोळ घातला. पुढची प्लेट आली त्या आठवड्यात त्याने जुनी कापली." काकू थांबली. "पण घोळ मी घातला होता, हे तुझ्या त्या कागदात लिहू नकोस हं."

"नाही लिहिणार."

"उंदरांनी सीट खाल्लीय. जुनं कांबळं आण. आणि चालू होईलच असं धरून बसू नकोस."

"नाही धरणार."

शनिवारी सकाळी तिने रोजच्यासारखं प्रार्थनेच्या छोट्या पुस्तकातलं एक पान वाचलं आणि दिवा मालवला. घरी आणलेला सह्यांचा कागद स्वयंपाकघराच्या टेबलावर तसाच होता, सही न केलेला. त्याच्यावर तिने मिठाची बरणी ठेवली. मग गुडघ्याला पट्टा बांधला, कांबळं खांद्यावर टाकलं आणि शेडमधून दोन डबे आणून ट्रकच्या मागे ठेवले. मोठा रॉकेलचा. लहान पेट्रोलचा, चालू करायला आणि शेवटच्या दोन मिनिटांसाठी. दोन्ही डबे रस्त्यात हलू नयेत म्हणून तिने ते दोरीने घट्ट बांधले, गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली, आणि रेडिओ न लावता ती काकूच्या रस्त्याला लागली.