गुरुजींचं पेन

बारामतीच्या बसस्थानकामागं गेणूतात्यांचं वह्या-पेनांचं इवलंसं दुकान. शाईचं पेन अडलं की लोक अजून त्यांच्याकडंच येतात. त्या सोमवारी इंदापूरहून त्यांचे शाळासोबती महिपतराव आले आणि खिशातून काढून जे काउंटरवर ठेवलं, ते तात्यांनी लगेच ओळखलं. पणदऱ्याच्या शाळेतल्या गुरुजींचं काळं पेन!

दर शनिवारी ते कोमट पाण्यात धुवायचं काम गेणूचं. निब पुसायची, निबेखालची जीभ साफ करायची, ड्रॉपरनं शाई भरायची. आणि निवृत्त होताना गुरुजींनी पेन दिलं कुणाला? पहिल्या नंबरच्या महिपतीला! धुवायला एक आणि मिरवायला दुसरा. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी आठवलं की तात्यांचा जळफळाट व्हायचा.

"चालंनाच बघ," महिपतराव म्हणाले. "शाई संपली व्हती. सोसायटीत शिक्क्याची व्हती, तीच भरली."

शिक्क्याची दाट, चिकट शाई! असल्या माणसाला हे पेन! तीन दिवस धुतलं तर चालेल, हे तात्यांना बघताक्षणी कळलं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"गेलं हे, महिपत. टाकून दे आता."

महिपतरावांचा चेहरा उतरला. "तुलाबी न्हाय जमायचं? गुरुजी देताना म्हणलं व्हतं, बंद पडलं तर गेणूकडं घेऊन जा, त्याच्या हातात पेन बंद राहत न्हाय."

"मला कधी बोलला न्हाईस."

"तू तवा माझ्याशी बोलत व्हतास व्हय? फुगून बसलेला." ते उठले. "जाऊ दे. गुरुजींचा अंदाज चुकला म्हणायचा. ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

आत्ता सांगावं, असं तात्यांना फार वाटलं. पण पेन मुठीत होतं आणि मूठ काही उघडेना. इंदापूरची गाडी निघून गेली.

तिसऱ्या दिवशी पाणी नितळ निघालं. तात्यांनी निळी शाई भरली, वहीवर गुरुजींचं नाव लिहिलं. एकदाही न अडता अक्षरं उमटली. शेजारचा चहावाला रतन डोकावला.

"तात्या, झ्याक चालतंय की! कुणाचं हाय?"

तात्यांनी घाईनं टोपण लावलं आणि पेन ड्रॉवरमध्ये सारलं.

"कुणाचं न्हाय," ते म्हणाले. "बंद हाय ते."