टबातलं तांबडं पाणी

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे पाण्याचा टब, टबात सोडलेली यंत्राची वायर. कुणी पाय बुडवून बसलं की स्वच्छ पाणी बघता बघता तांबडं व्हायचं. "हे तुमच्या रक्तातलं विष," पाणीवाले बाबा म्हणायचे आणि गर्दी तोंडात बोट घालायची. संधिवात, दमा, साखर, सगळ्यांचं विष एकाच रंगाचं कसं, हे कुणी विचारत नव्हतं.

दोघी जावा रांगेत होत्या. धाकटी शिवणकाम करायची. तिचा रक्ताचा कॅन्सर हटला होता. डॉक्टर म्हणाले होते, आता आजार दिसत नाही. पण गोळ्या सोडू नका, तपासणी चुकवू नका. त्या 'दिसत नाही'नेच तिची झोप उडवली होती. दिसत नाही म्हणजे दडून बसलाय का? शिलाई मशीनला पाय घासून निळा डाग पडला तरी आजार परतला की काय म्हणून ती तो दहादा निरखायची. तपासणी उद्यावर आली होती आणि बाबांनी थोरलीला सांगून ठेवलं होतं की सुई टोचली की विष खवळतं, गोळ्याही बंद करा. कालची गोळी धाकटीने घेतली नव्हती.

तिचा नंबर आला. आधीच्या माणसाच्या टाचा फुटलेल्या होत्या. पाणी बदललं, बाबांनी 'मंतरलेलं' मीठ टाकलं, पण टब तोच. इस्पितळाने जंतूंची धास्ती तिच्या हाडीमांसी खिळवली होती. दृष्ट लागू नये म्हणून बाबा पायांवर टॉवेल टाकायचे. त्याआड तिने शिवलेले कपडे घालून द्यायच्या, जवळच असलेल्या दोन प्लास्टिक पिशव्या पायांत चढवल्या, वरून नाडीने बांधल्या आणि मग पाय बुडवले.

पाणी तांबडं झालं. मग काळपट.

"हाडापर्यंत मुरलंय," बाबा मान हलवत म्हणाले. "उद्या सुई टोचलीत तर मी जबाबदार नाही."

धाकटीने झटकन पाय वर काढले. पिशव्यांवरून घाण ओघळत होती. आत पाय कोरडे ठणठणीत होते. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"बाबा, माझं विष प्लास्टिकमधून बाहेर आलं कसं?"

विष सूक्ष्म असतं, असं काहीतरी बाबा पुटपुटले. कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात रांगेतले विज्ञानाचे मास्तर लंगडत पुढे आले. त्यांनी नवं पाणी घ्यायला लावलं, बाबांचं 'मंतरलेलं' मीठ टाकलं आणि कुणाचेही पाय न बुडवता यंत्र चालू केलं. पाणी तांबडं झालं.

"वायरच्या टोकाला लोखंडाच्या पट्ट्या आहेत," मास्तर म्हणाले. "मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं. हा गंज आहे. दरवर्षी पोरांना शिकवतो मी."

"मग तुम्ही इथं काय करताय?" थोरली फणकारली.

मास्तर ओशाळले. "गुडघा, वहिनी. दुखणं जुनं झालं की अक्कल गहाण पडते."

बाबा तोवर वायर गुंडाळायला लागले होते.

वाटेत थोरली म्हणाली, सुटलीस बाई. धाकटीला तसं वाटत नव्हतं. विष आहे, हे पाणी खोटं बोललं होतं. पण विष नाही, असंही पाण्याने सांगितलं नव्हतं. भीती होती तिथेच होती. भ्यालेल्या माणसाला खात्री विकणारे पावलोपावली भेटतात. त्यांच्याकडे पुरावा मागावा, एवढंच आपल्या हातात असतं.

सकाळी तिने गोळी चुकल्याचं नर्सला न लपवता सांगितलं आणि बाही वर केली. सुई दिसताच तिने डोळे घट्ट मिटले.

"घाबरलात?"

"खूप."

"मग घाबरतच या दर वेळी," नर्स म्हणाली. "पण या."