जांभळा झगा, पोपटी पट्टा

रेणूने मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. तो घसरला, तिने पुन्हा उभा केला आणि आईचे खांदे धरून तिला भिंतीकडून इकडे वळवलं.

"इकडं पाह्य. भिंतीकडं काय हाये?"

"सवय," शोभाताई म्हणाल्या आणि चष्मा पदराला पुसू लागल्या.

सवय खरीच होती. आंधळगावच्या या खोलीत खड्ड्यात पाय सोडून विणायचा हातमाग होता तेव्हा विणणाऱ्याचं तोंड भिंतीकडे असे आणि टीव्ही पाठीमागे. रविवारी सकाळी 'जादूवाली कोयुमी' लागायची. कार्टून जपानी, बोलणं हिंदी. शाळकरी कोयुमी छत्री गरकन फिरवायची की तिचा गणवेश जाऊन अंगावर जादूचा झगा यायचा. रेणू तेव्हा नऊ वर्षांची. आई शेठने दिलेल्या धाग्यावर मजुरीने कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणायची. धोट्याच्या खटखटीत तिला निम्मं ऐकू येत नसे, म्हणून रेणू टीव्हीपुढे उभी राहून सगळं ओरडून सांगायची. झगा कोणत्या रंगाचा, हे आई दर रविवारी विचारायची.

"जांभळा! आन् पट्टा पोपटी!" रेणू ठोकून द्यायची. टीव्ही काळा-पांढरा होता.

नऊ वर्षांच्या पोरीला असल्या थापेचं काय वाटणार? पण एकदा आईने शिल्लक धागा हुडकून एका साडीच्या पदरात खरोखरच जांभळ्या-पोपटी पट्ट्या विणल्या. रेणू हरखून गेली. दोन-तीन मैत्रिणींना तिने मागापाशी आणून तो पदर दाखवलाही. आणि मग एका दुपारी शाळेतून आली, तर आई तोच पदर मागावर उकलत बसलेली. एकेक धागा काढून बाजूला ठेवत होती. तीन दिवसांची मेहनत होती ती.

"शेठले रंग नाई आवडला," आई एवढंच बोलली.

रेणू मागल्या दारी जाऊन पोटभर रडली. आपण खोटं सांगितलं, म्हणून आईची मेहनत मातीत गेली, हे तिच्या मनात तेव्हा जे बसलं ते आजतागायत उठलं नव्हतं. लग्न होऊन ती वरठीला गेली, माग मोडला, खड्डा बुजवून वर फरशी आली, तरी नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या मुलीने, खुशबूने, मोबाईलवर कोयुमी शोधून काढली. रंगीत. रेणूला इतका आनंद झाला की तिने भाजी करपवली. पण झगा पांढरा निघाला, त्याला फिकी निळी झालर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. रात्रभर विचार करून तिने ठरवलं की आईला एकदा हे डोळ्यांनी पाहू द्यायचं आणि जे काय आहे ते कबूल करून टाकायचं. आज स्कूटीवरून येताना तिने ते वाक्य वाटेत चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

भाग सुरू झाला. गाण्याची पहिली सुरावट वाजली आणि रेणूच्या अंगावर काटा आला. तिला सगळं तोंडपाठ होतं. जत्रेत एक लांब टोपीवाला शिरतो, पोरांच्या सावल्या कापून पिशवीत भरतो, आणि सावली गेलेली पोरं हसणं विसरतात. कोयुमीच्या खांद्यावरचं मुंगूस त्याच्यावर खेकसलं तशा शोभाताई खुदकन हसल्या.

"हे मुंगूसच होय ना? तू तं खार सांगत होती!"

"बारका टीव्ही होता, आई."

"आन् हा मेला पिशवी भरून कुठं चालला? धर ना त्याले, पोरी!"

पोरीने छत्री फिरवली. चांदण्या उडाल्या, वेण्या सुटल्या, आणि जत्रेच्या मधोमध पांढरा झगा घालून कोयुमी उभी राहिली. निळी झालर वाऱ्यावर हलत होती. शोभाताईंचं हसू थांबलं. रेणूने बोट टेकवून चित्र थांबवलं.

"आई, म्या रंग मनचेच सांगतले होते. सगळे. माह्यामुळंच तुले पदर उकलावा लागला."

वाटेत जुळवलेलं वाक्य याहून बरं होतं, पण तोंडातून हेच आलं.

शोभाताईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"काळ्या-पांढऱ्या टीव्हीत जांभळा रंग दिसते काय? हातच्या कांकणाले आरसा कायले? माही पाठ तिकडं होती, अक्कल नाई."

"तुले मालूम होतं? मंग दर वेळी काहून विचारत होती?"

"कोशाचा एकच मातकट रंग. सकाळपासून डोळ्यापुढं तोच. तू वरडून जांभळा म्हणाची, तं बरं वाटे."

रेणूला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"पण शेठले तं रंग आवडला नोता ना?"

"शेठनं पाह्यलाच नाई." शोभाताई फरशीवरून हात फिरवत राहिल्या. "त्याचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता."

"मंग उकलला काहून?"

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मले नेसावा वाटला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची साडी, ठेवता येत नोती. आन् तो पदर दुसरी कोणी नेसून हिंडन, हे काई सहन होईना. तं उकलला. शेठले सादा करून देल्ला."

"आन् मले शेठचं नाव सांगतलं!"

"आता तुले काय सांगू, मायले नेसावं वाटते म्हणून?" शोभाताई जरा लाजल्यासारखं हसल्या. "तीस वर्साची होती मी तवा."

रेणू येत्या कार्तिकात पस्तीसची होणार होती, तेव्हाच्या आईहून पाच वर्षांनी मोठी.