मापाचं भांडं

सुतारकाम करणारे बाबा गेले, तेव्हा त्यांच्या तीन जुन्या करवती धाकटीने मागून घेतल्या. थोरलीने हातच जोडले. "ने बाई, तेवढीच अडगळ कमी!" पाती इतकी गंजली होती की नुसतं बोट फिरवलं तरी तांबडं व्हायचं.

धाकटी पडदे शिवायची. व्हिनेगरमध्ये बुडवलं की गंज सुटतो, हे तिने ऐकलं होतं. तिने मुठी काढल्या, व्हिनेगर आणलं आणि तिथेच घोडं अडलं. बुडवायचं कशात? बादलीत पातं निम्मंच जाई. फुलझाडांची लांबट कुंडी अगदी मापाची, पण बुडाला भोकं. शेवटी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या ताईचा अॅल्युमिनियमचा ट्रे आणला. पातं तिरकं ठेवल्यावर जेमतेम मावलं.

सकाळी ट्रे काळाठिक्कर.

"गंज करवतीला, आणि तोंड काळं माझ्या ट्रेचं?" ताई कडाडली. पण वाकून बघत राहिली. "असं का झालं गं?"

"धातूचं भांडं चालत नसणार."

मग प्लॅस्टिकच्या पन्हळीचा तुकडा आला. त्याची टोकं कितीही चिकटवली तरी गळायची. फरशीवर आंबट ओहोळ वाहिले. फडकं पिळता पिळता ताई थांबली.

"अगं, भांडंच कशाला हवं? व्हिनेगर धरायला एक वस्तू, आणि तिला आधार द्यायला दुसरी. झालं!"

धाकटीने कामावरून पडद्याच्या दांड्यांचा लांब खोका आणला. आत जाड प्लॅस्टिक अंथरलं. कोपरे न कापता कापडासारखे दुमडले. थेंबही गळला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघींनी पातं ब्रशने घासलं. काळा चिखल निघाला, खाली राखाडी पोलाद उघडं पडलं आणि मुठीच्या बाजूला एक कोरलेला मासा दिसला.

"बाबांनी कोरला?" धाकटीने विचारलं.

"छे! त्यांनी करवत जुन्या बाजारातून आणलेली, तीही गंजलेलीच. त्यांनाही कधी दिसला नसेल."

दोघी बराच वेळ त्या माशावरून बोट फिरवत बसल्या. मग पातं सोड्याच्या पाण्यात धुतलं, कोरडं करून तेल लावलं.

ताईने न विचारताच दुसरी करवत उचलली, उजेडात धरली. गंजाखाली काहीच दिसेना. शिवाय ती खोक्यापेक्षा वीतभर लांब.

"दांड्यांचा आणखी एक खोका मिळेल का गं?" ती म्हणाली. "दोन जोडून बघू."